संगमावरची हाक

ये सारजे, आत ये. दार लोटून कडी लाव आन् मग बस. का म्हून इचारू नगंस, लाव म्हणलं की लाव. हे सूप घे म्होरं आन् शेंगा फोडू लाग. हाताला काम आसलं की जीव थाऱ्यावर ऱ्हातो म्हणत्यात. माझा तर आज सकाळधरनं कुठंच थारा न्हाय.

तुझ्या पोराला बालवीरात घालावं का न्हाय, ते इचाराय आलीस न्हवं? साऱ्या काटेवाडीत तुला मीच गावले व्हय? बरं झालं पर. दुसरीकडं गेली आसतीस तर सांगितलं आसतं कुणीतरी, खाकी चड्डी चढवली की पोराचं नाव पलटणीत जातं आन् मग दर्यापल्याड बसऱ्याला न्हेत्यात, मागल्या लढाईत न्हेलं तसं. काय बी बरळत्यात. म्या सोता बालवीरांच्या मास्तरला इचारलंय. काठी घेऊन चालायचं, दोराच्या गाठी मारायच्या, कुणाला लागलं तर पट्टी बांधायची, रोज कुणाचं तरी एक काम करून द्यायचं आन् खोटं बोलायचं न्हाय. एवढंच आसतंय. पलटणीचं भ्या नगं धरूस. कशाचं धरायचं ते मी सांगते, पर मधीच उठायचं न्हाय.

आमच्या सर्जेरावाचं सांगते. बघ, हसलीस. सासऱ्याचं नाव हाय, सुनंनं तोंडातनं काढू न्हाय, ठावं हाय मला. मामंजी गेलं आन् वर्साच्या आत हे पोर झालं, म्हून त्येंचंच नाव ठेवलं. आकरा वर्सं म्या त्याला ‘दादा’ म्हणूनच हाक मारली. नाव कवा म्हंजी कवा घेतलं न्हाय. आता घेते, सकाळ-संध्याकाळ घेते, आन् जावा-नणंदा तोंडाला पदर लावून हसत्यात. का घेते ते ऐक, म्हंजी तुझं हसू जिरंल.

आदी म्हायेरचं सांगाय पायजे. माझा धाकटा भाऊ गेणू, सात वर्साचा, विहिरीत गेला. भर दुपार व्हती. म्या नऊ वर्साची, मोटंचं पाणी पडतं त्या थारोळ्यात धुणं धूत व्हते. त्याला वर काढला तवा त्याच्या मुठीत शेवाळ व्हतं. बाया म्हणाल्या, आसरांनी न्हेला. विहिरीत साती आसरा बसत्यात, त्येंना ल्हान पोरांची हौस. तवाधरनं खोल पाणी दिसलं की मी वाट बदलते. आन् नशीब कसं बघ, लगीन होऊन आले ती ह्या गावात, जितं पाटाचं पाणी दारावरनं वाहतंय.

मग काय, पोर चालाय लागल्यापास्नं म्या त्याला भ्या घातलं. पाण्याकडं जाऊ नगंस, गेलास तर आसरा हाक मारती. वळखीच्या माणसाचा आवाज काढती आन् पुऱ्या नावानं बोलावती. ‘ओ’ दिलीस की गेलास. जेवताना, निजताना, केस इचरताना ह्येच सांगायची. पोर येवढं भ्यालं की पाटाच्या पुलावरनं जाताना माझा पदर धरून डोळं मिटायचं. बाकीची पोरं उनाळाभर पाटात डुंबायची, हे आपलं बांधावर बसून त्येंची कापडं राखायचं. मला बरं वाटायचं बाई. म्या राखलाय, म्हणायची. आक्कल गहाण पडली व्हती, दुसरं काय.

मालकास्नी हे सारं ठावं व्हतं. पर चार माणसांत काढायची सोय न्हवती. पाटाच्या काठचं पोर आन् त्याला पवता येत न्हाय, हे चावडीवर कळलं आसतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं आसतं. म्हून आमी दोघंबी गप. ते त्येंच्या आब्रूपायी आन् मी माझ्या भ्यापायी.

पोर बारामतीच्या शाळंत जाया लागलं. तितल्या बापूसाहेब मास्तरनं बालवीरांचं पथक काढलं. दिवाळी झाल्यावर चार दिसांची छावणी ठरली, तर हा माणूस सायकल मारत एकेका पोराच्या घरी आला, हातात कागद घेऊन. ओसरीवर घोंगडी टाकली. मी आत, दाराआड, च्याचं भांडं घेऊन. मास्तर एकेक इचारतोय आन् लिवून घेतोय. वय काय, देवी काढल्यात का, कुठला आजार हाय का, रातचं उठून चालतो का. सगळ्याला मालकांनी नीट जबाब दिला. मग मास्तरनं इचारलं, पवता येतं का?

“माशावानी,” मालक म्हणालं.

म्या बांगड्या वाजवल्या. बाहीर मालक खाकरलं. त्या खाकरण्याचा अर्थ तुला सांगाय नगं, तुझ्या घरात बी तसंच खाकरत्यात. म्या बांगड्या आवरल्या. दाराच्या फटीतनं पोर दिसत व्हतं. खाली मान घालून नखानं घोंगडीची लोकर उपटत व्हतं.

आन् आता ऐक, ह्ये माझ्या काळजात रुतून बसलंय. मास्तर उठता उठता थांबला आन् दाराकडं तोंड करून म्हणाला, “आत आई असतील, त्यांनाही काही सांगायचं असेल तर सांगावं. आईला माहीत असतं ते पुष्कळदा बापाला नसतं.”

कुणी इचारतं का गं आपल्याला आसं? जल्मात पयल्यांदा कुणी इचारलं. नवरा ओसरीवर, शेजारची दोन माणसं ओसरीवर, नवऱ्यानं ‘माशावानी’ म्हणलंय, आन् म्या त्येला खोटं पाडू? मग म्या म्हणलं, “त्याला तिखट सोसत न्हाय.”

मास्तरनं ते बी लिवून घेतलं.

छावणी इंदापूरकडं हाय, येवढंच मला कळलं व्हतं. कुठं आमराईत बिमराईत आसंल, म्हणलं. पोर गेलं. तिसऱ्या दिशी सकाळी दगडाबाई नरसिंगपूरला देवाचा नवस फेडून आली आन् प्रसाद द्यायला दारात हुबी ऱ्हायली. म्हणाली, तुमची खाकी चड्डीवाली पोरं बघितली बाई, नीरा आन् भीमा मिळत्यात न्हवं, तितं घाटाखाली, संगमात उड्या मारत्यात माकडावानी.

प्रसाद म्या उंबऱ्यावरच ठेवला.

मालक मळ्यात मोट हाकत व्हते. म्या पळत गेले, डोक्यावर पदर का न्हाय कुणाला सुध. मला वाटलं, मास्तर हाय की तितं, म्हणून खेकसतील. खेकसलं न्हाईत. मोट तशीच सोडली, बैलं तशीच, आन् पटका गुंडाळत सडकंला लागलं. इंदापूरला जाणारी मोटार गावली. इंदापूरला उतरलो तवा दिवस कलला व्हता आन् म्होरं जायाला गाडी न्हाय. माझ्या मावशीच्या घरी रात काढली, काढली म्हंजी भितीला पाठ लावून बसून ऱ्हायलो. कोंबडं आरवायच्या आत मावशीची बैलगाडी जुपली.

त्या वाटंचं काय सांगू सारजे. म्होरनं जो माणूस येईल त्याच्या तोंडाकडं मी बघायची. कुणी हसत आला की वाटायचं, न्हाय, काय झालेलं न्हाय. कुणी खाली मान घालून आला की मालकांचा दंड धरायची. एका ओढ्यापाशी चार माणसं हुबी व्हती, तर माझं दातच बसलं. ती माणसं बैल इकाय निघाली व्हती. मालकांनी मला पाणी पाजलं आन् तवा पयल्यांदा तोंड उघडलं. “म्या म्हणलं, चार पोरांत गेलं की शिकंल,” आसं म्हणालं. मला त्येंना बोलायचं लई व्हतं. पर बोलू काय? मीच ‘तिखट’ म्हणले व्हते.

उन्हं उतरायला लागली तवा पोचलो. देवळाला हात बी जोडलं न्हाईत, तशीच घाटाच्या पायऱ्यांवर आले. खाली पायरीवर कापडांचं ढीग व्हतं, एकसारखं घडी घालून, वर रुमाल ठेवल्यालं. पोरं मोजू न्हाईत म्हणत्यात. म्या मोजली. ढीग पंधरा आन् पाण्यात काठाकाठानं डोस्की चौदा. पुन्ना मोजलं. चौदाच. त्यात आमचं न्हाय.

मग लांब नजर गेली. मधी, जितं पाण्याचा रंग काळा पडतोय, तितं मास्तर व्हता आन् त्याच्या म्होरं एक डोस्कं खाली जातंय आन् वर येतंय. माझं पोर. आन् त्याच्या पाठीमागं, आगदी पाठीला लागून, दोन गोल गोल डोस्की. बायांची. केसाबिगार, पिवळी. म्या तुला देवाशपथ सांगते, मला तशीच दिसली. तीस वर्सं ज्येंचं भ्या पोटात घेऊन जगले, त्या माझ्या पोराला दोन्ही बाजूंनी धरून चालल्या व्हत्या.

“दादा” म्हणून वरडले. काठावरच्या पाच-सात पोरांनी माना वळवल्या, ज्येला त्येला घरी कुणी ना कुणी दादा म्हणतंच. माझ्या पोरानं वळून बघितलं न्हाय. मग काय झालं मला, सासरा न्हाय, मालक न्हाय, देव न्हाय, काय बी आठवलं न्हाय. छाती फाटंस्तवर हाक मारली, “सर्जेराव!”

त्येनं ऐकली. पर सारजे, त्येनं घाटाकडं बघितलं न्हाय गं. पाण्यात बघितलं. आपल्या खाली, काळ्या पाण्यात. आन् मग त्येचं तोंड आसं वाकडं झालं, आन् हातपाय झाडाय लागलं, मास्तरच्या तोंडावर लाथ मारली, पाठीकडं हात टाकून वरबाडाय लागलं. ती दोन पिवळी डोस्की सुटली आन् टुणकन वर आली. भोपळं व्हतं ते. पवाय शिकवताना पोरांच्या पाठीला बांधत्यात ते, वाळलेलं. भोपळं वर आलं. पोर न्हाय.

मास्तरनं बुडी मारली आन् रिकामा वर आला. मालकांनी पटक्यासकट उडी टाकली. मास्तर दुसऱ्यांदा खाली गेला. मी पायरीवर बसले व्हते आन् माझ्या मुठीत काय तरी व्हतं, बघते तर शेवाळ. घाटाचं शेवाळ, कवा धरलं कुणास ठावं. तेवढ्यात मास्तर वर आला आन् त्याच्या काखंत पोर व्हतं.

पायरीवर पालथं घातलं. मास्तर त्याच्या बरगड्यांवर दाबतोय, सोडतोय, दाबतोय, सोडतोय. तोंडातनं पाणी आलं. किती येळ झाला ते मला इचारू नगंस. मग खोकलं. मी वाकले, त्येचं तोंड धराया गेले. त्येनं डोळं उघडलं, मला बघितलं आन् मागं सरकलं. मास्तरच्या गळ्याला मिठी मारली आन् म्हणालं, “आसरंनं हाक मारली, मास्तर. आईचाच आवाज काढला.”

आता कळलं तुला? मीच सांगितलं व्हतं ना त्याला. वळखीचा आवाज, पुरं नाव. आन् आई तर नाव कवा घेतच न्हाय. मग ती कोण आसंल? सारी शिकवण माझीच, बाई, आन् पोरानं ती शबदाला शबुद धरली व्हती.

मास्तरनं मग सांगितलं. पयल्याच सांजंला ह्ये पोर त्याच्यापाशी जाऊन म्हणालं व्हतं, बालवीर खोटं बोलत न्हाय म्हून सांगतो, मला पवता येत न्हाय आन् मला पाण्याचं लई भ्या वाटतं. मास्तर हसला न्हाय का रागावला न्हाय. एक दिस घोट्याइतकं पाणी, दुसऱ्या दिशी गुडघ्याइतकं, मग छातीइतकं. त्या दिशी पयल्यांदा भोपळं बांधून खोलात न्हेलं व्हतं आन् मास्तरचा हात त्येच्या पोटाखाली व्हता. पोर हसत व्हतं म्हणं. म्या हाक मारायच्या आदी हसत व्हतं.

मास्तरच्या गालावर लाथंचा वळ उठला व्हता. मला वाटलं, आता हा माणूस बोलंल, चार लोकांत माझी लाज काढंल. बोलला तेवढं येकच बोलला. “बाई, त्या दिवशी मी विचारलं होतं.”

म्होरलं तुला ठावंच हाय. नरसिंगपूरच्या संगमात पोर बुडालं, मास्तरनं बुडवलं, आशी आवई बारामतीपतूर गेली. लोकांनी आपापली पोरं काढून घेतली आन् पथक बंद पडलं. मास्तरकडं लोक वाकड्या नजरंनं बघाय लागलं. मालक दोनदा बारामतीला जाऊन सांगून आलं, चूक आमची व्हती म्हून. पर खरं कोण ऐकतंय, आवईला पाय फुटल्यावर?

घरी आल्यावर म्या पोराला म्हणलं, आसरा बिसरा काय नसतंय, म्या तुला भ्या घालाय सांगितलं. तर ते म्हणालं, “मग गेणूमामाला कुणी न्हेलं?” मी च्यात पडलेल्या माशीवानी तडफडले. आजवर हे कुणालाच सांगितलं न्हवतं, आईला न्हाय का मालकास्नी न्हाय. त्या दिशी पोराला सांगितलं. कुणी न्हाय न्हेलं. आईनं त्याला माझ्यापाशी ठेवला व्हता. त्याला पवता येत न्हवतं आन् मी पलीकडच्या पोरीसंगं खिदळत बसले व्हते.

त्या दिसापास्नं मी त्याला नावानं हाक माराय लागले. ह्या तोंडातनं ह्ये नाव निघालं तर ती आई आसती, दुसरं कुणी न्हाय, हे त्याला पटाय पायजे म्हून. पयले दोन म्हयने मी नाव घेतलं की पोराचं आंग ताठ व्हायचं. एकदा हातातला तांब्या पडला. ‘ओ’ कवा द्यायचं न्हाय, नुसतं बघायचं. मी तरी सोडलं न्हाय. सकाळी उठवताना, भाकरी वाढताना, मळ्यातनं बोलवताना. आता वळून बघतंय, जवळ येतंय. पर ‘ओ’ म्हणलं न्हाय तीन वर्सांत, एकदा बी न्हाय.

औंदा पथक पुन्ना निघालं. मास्तर तोच. पुन्ना कागद घेऊन ओसरीवर आला. ह्या खेपंला मी दाराआड ऱ्हायले न्हाय, भाईर आले, चार माणसांच्या म्होरं हुबी ऱ्हायले आन् सारं सांगितलं. पाण्याचं भ्या किती हाय ते, कशापायी हाय ते, बुडाल्याचं, नावाचं. मालक खाली बघत व्हते पर खाकरलं न्हाईत. मास्तरनं दोन पानं लिवून घेतली.

आता तू बी ऐक. तुझ्या पोराला फेफरं येतं. मान खाली घालू नगंस, मला ठावं हाय, पोळ्याच्या दिशी तुमच्या गोठ्यामागं म्या बघितलंय. तू कुणाला सांगत न्हाईस, उद्या त्येला पोरगी कोण देणार म्हून. मास्तर घरी आला की सांग. तुझा नवरा ‘घोड्यावानी दणकट’ म्हणंल, तरी सांग. दाराआडनं न्हाय, म्होरं येऊन. फेफऱ्याचं पोर मास्तर घेईल का न्हाय ते त्यो बघंल, घेतलं तर कसं जपायचं ते बी बघंल. पर ठावं नसलेलं कसं जपंल गं तो?

डोळं पूस. आन् कडी का लावाय सांगितली ते बी सांगते.

आज छावणीचा चौथा दिस हाय. तीच जागा, त्योच संगम. औंदा तितनं सरळ मोटार हाय, सांजंला पोर घरी यायचं. आज सकाळी भोपळ्याबिगार नदी पार करायची व्हती. मास्तर बाजूनं होडी घेऊन चालणार, पर पवायचं पोरानं सोता. जाताना उंबऱ्यात हुबा ऱ्हायला, काठी हातात, आन् म्हणाला, “आई, ह्या खेपंला येऊ नगंस.” न्हाय येत म्हणलं. चार दिस झालं, मी सडकंकडं बघितलं न्हाय. मोटार वाजली की कान झाकून घेते. पर आज सकाळी पाय आपोआप दारापतूर गेलं, दोनदा. तिसऱ्यांदा जातील, म्हून कडी लावून तुला बसवून घेतली. तू आपली शेंगा फोड.

ऐकलंस? सडकंला मोटार थांबली. उठू नगंस. म्या म्हणलं उठू नगंस. मालक गेल्यात पोराला उतरवून घ्यायला. दोघांचं पाय वाजाय पायजेत, पर ह्या धुळीत काय कळतंय. येक वाजतंय का दोन? तू सांग, मला ऐकू येईना, माझंच काळीज कानात बडवाय लागलंय.

आंगणात आलं कुणीतरी. मालकच खाकरलं. मालक येकटं आसतील तर? येकटं आसतील तर मी हाक मारून काय उपेग? न्हाय, मारते. आतनंच मारते.

सर्जेराव!

आली, ‘ओ’ आली. सारजे, तू ऐकलीस न्हवं? घोगरी व्हती, पर त्येचीच. ‘ओ, आई’ म्हणलं. कडी तू काढ बाई. माझं हात ऐकंनात.